पाऊणकी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेत मुलांच्या हाती एक छापील कागद पडतो. ‘उन्हाळी सुट्टीतील मैदानी उपक्रम’ असा त्याचा मथळा. तो तयार करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्या गळ्यात आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला चार ओळी खरडायला कितीसा वेळ लागणार, असा वरिष्ठांचा समज. पोहायला शिका, पहाटे फिरायला जा, पाने जमवून वहीत चिकटवा, पाखरांसाठी पाणी ठेवा. कागद अगदी निरुपद्रवी आहे. बरीचशी मुले शाळेच्या फाटकापर्यंत जाताजाताच त्याची विमाने करून उडवतात, आणि तोही एक मैदानी उपक्रमच झाला, असे मी मनाशी म्हणते.

पण तो कागद लिहिताना दर वर्षी माझा हात थोडा अडतो. एका ओळीत पोहणे, दुसऱ्या ओळीत फिरणे, तिसऱ्या ओळीत निरीक्षण. वाण्याच्या फळीवर बरण्या मांडाव्यात तशी ही कामे एकमेकांपासून वेगळी काढून ठेवायची. जिथे माझ्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या तिथे असे काही वेगळे काढता येत नव्हते. तिथे ‘पोहायला’ कुणी जात नसे. माणसे पाण्यात जात, आणि कशाकशासाठी जात.

माझे आजोळ देवबागचे. मालवणहून दक्षिणेला निघाले की तारकर्ली लागते, आणि आता रस्ता संपायला हवा असे वाटू लागते तिथून पुढे देवबाग सुरू होते. कर्ली नदी सह्याद्रीकडून पश्चिमेला येते. समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर आल्यावर तिला काय वाटते कोण जाणे, ती दक्षिणेला वळते आणि सासरी जायला नाखूष असलेल्या पोरीसारखी किनाऱ्याच्या कडेकडेने चालत राहते. ती आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची जी चिंचोळी पट्टी उरली, ती म्हणजे देवबाग. पश्चिमेला दर्या, पूर्वेला खाडी, दक्षिणेच्या टोकाला दोन्हींचा संगम आणि पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातले भोगवे. गावात रस्ता एकच, दक्षिणोत्तर. काही ठिकाणी तर एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत जायला पाच मिनिटेही लागत नाहीत. रात्री अंथरुणावर पडले की उजव्या कानात समुद्राची गाज आणि डाव्या कानात खाडीतल्या होड्यांचे पाण्यावर चुबुकचुबुक आपटणे.

भूगोलाच्या पुस्तकात अशा पट्टीला वाळूचा दांडा म्हणतात. एका टोकाने ती जमिनीला धरून असते. तिचेच दोन्ही टोकांनी सुटलेले भावंड म्हणजे रोधक बेट: किनाऱ्याशी समांतर, समुद्र आणि मुख्य जमीन यांच्या मध्ये आडवे पडलेले, निव्वळ वाळूचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशा बेटांची रांगच्या रांग आहे, आणि तिकडची माणसे उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरेबाळे घेऊन तिथे जातात. वर्गात हा धडा शिकवताना एकदा एका मुलाने विचारले, “बाई, रोधक म्हणजे काय हो?” मी म्हटले, “रात्री उंबऱ्याशी आडवा झोपलेला म्हातारा. बाहेरून येणारे सगळे आधी त्याच्या अंगावर येते.” पुस्तकात अशी व्याख्या नाही, पण परीक्षेत पाच-सहा मुलांनी तीच लिहिली आणि मी गुण दिले.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि त्यानंतर त्यांच्या हाताला कायमचे काम असे राहिले नाही. मे महिना आला की आई आम्हा तिघा भावंडांना लाल एसटीत घालून मालवणला आणी. कोकण रेल्वे पुढे १९९८ मध्ये सुरू झाली. तोवर रात्रभर घाटाच्या वळणांवर ओकत येणे हाच रिवाज होता. या सुट्टीमागे हौस कमी होती आणि महिनाभराचे रेशन वाचवण्याचा हिशेब अधिक होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. आम्हांला तेव्हा काय त्याचे! पहाटे एसटी देवबागच्या फाट्यावर थांबली की चपला हातात घ्यायच्या आणि त्या महिनाभर पुन्हा पायात घालायच्या नाहीत.

मामाच्या घरी सकाळ एकाच प्रश्नाने उजाडे. चुलीसमोर बसून तो विचारी, “आज तिथी काय गो?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगे, “तृतीया.”

“तीन पावणे?”

“सव्वादोन.”

“मगे सव्वादोनाक भरती. साडेआठाक सुकती.”

तिथीला पाऊणने गुणायचे, की भरती पुरी होण्याची वेळ निघते. दिवसाचीही तीच, रात्रीचीही तीच. तेथून सहा तासांनी आणि वर थोड्या मिनिटांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या पाठोपाठ पुढे सरकते, हे त्यामागचे कारण. पण मामाला कारणाची गरज नव्हती. अष्टमी आली की आठ पावणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला काठोकाठ पाणी, आणि तेही भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पावणे सव्वाअकरा, आणि उधाण. त्या दिवशी पहाटे पाचाच्या सुमाराला समुद्र एरवीपेक्षा खूप मागे गेलेला असे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेत. आमच्या पिढीच्या आधीच ते गेले. मला पाऊणकी शाळेने शिकवली नाही. ती मी तिसऱ्यांसाठी शिकले.

तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांतले ते चविष्ट प्राणी. सुकतीला खाडीच्या अंगाची वाळू उघडी पडली की आजी, मामी आणि वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन निघत आणि आम्ही पोरे त्यांच्यामागे. तिसऱ्या डोळ्यांनी दिसत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून टाच वाळूत घुसळायची; टाचेला काही टणक लागले की वाकून बोटांनी उकरायचे. आजीची टाच इतकी तयार झाली होती की ती वाळूतला दगड आणि तिसरी यांत कधी फसत नसे. बोटाच्या पेरापेक्षा लहान तिसरी हाती आली तर ती परत वाळूत दाबायची, हा नियम. या कामात तास-दीड तास कसा जाई ते कळत नसे. पण आजीचे एक डोळ्याचे टोक सतत पाण्याकडे असे. पाण्यावरचा पालापाचोळा संगमाकडे वाहायचा थांबला, जागीच डोलू लागला, की ती टोपली डोक्यावर घेई. घड्याळ तिच्याकडे नव्हते, आणि असते तरी तिने त्याकडे पाहिले नसते.

दर्याच्या अंगाला निराळे खेळ. पहाटे ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली असे. नखाएवढा एक खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन त्यातले खाण्याजोगे तेवढे काढून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकतो. गोळ्यांच्या ओळी बिळाभोवती किरणांसारख्या फाकत जातात. कुणाच्या दारची रांगोळी मोठी यावर आमच्या पैजा लागत. पुढच्या भरतीत सगळे पुसले जाई. दुपारी वारा समुद्राकडून वाहू लागला की दुसरा खेळ. वरच्या कोरड्या वाळूत एक काटेरी गवत उगवते. त्याचे बियांचे गोल, हलके, मुलाच्या डोक्याएवढे झुबके वाळले की तुटतात आणि वाऱ्यावर उड्या मारत पळू लागतात. त्यांच्यामागे धावायचे. हाती लागले तर काटे टोचतात, न लागले तर पुढे जाऊन कुठेतरी अडकतात आणि तिथेच रुजतात. आम्ही हरलो की गवताचे फावे, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नव्हते.

आणि मर्यादवेल. दोन पाळ्यांची, आपट्यासारखी पाने, सकाळी जांभळट गुलाबी फुले, आणि वाळूवर दूरवर पसरलेले दोर. भरतीचे पाणी नेहमी जिथपर्यंत येते त्याच्या जरा वर ही वेल वाढते; म्हणून ती मर्यादा. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात, वाऱ्याने आलेली वाळू तिच्या पानांत अडते आणि हळूहळू तिथे उंचवटा तयार होतो. आमचा एक खेळ होता. मामाच्या घराच्या उंबऱ्यापासून पश्चिमेला सरळ चालत सुटायचे आणि मर्यादवेलीच्या पहिल्या पानापर्यंत किती पावले झाली ते मोजायचे. १९९० च्या मे महिन्यात, माझ्या दहाव्या वर्षी, एकशे चाळीस झाली होती. तो आकडा मी मामाच्या पडवीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला आणि मामीची बोलणी खाल्ली.

रापणीविषयी मात्र जरा सावकाश सांगायला हवे. मासे धरायच्या पुष्कळ रीती आहेत, पण साऱ्या गावाला अंगमेहनतीला लावणारी ही एकच. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी आत जाते, समुद्रात मोठा अर्धगोल घेत जाळे सोडते आणि दुसरे टोक घेऊन शेदोनशे पावलांवर परत किनाऱ्याला लागते. मग दोन दोर, दोन रांगा. माणसे दोराला कंबर लावून मागे मागे चालतात. शेवटचा माणूस दोर सोडतो आणि पुन्हा पुढे पाण्याशी जाऊन धरतो. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. पहिला तासभर काहीच दिसत नाही, नुसता ओला, खारा, हाताची सालटी काढणारा दोर. मग पाण्यावर बोचे दिसू लागतात, त्यांवर पाखरे घिरट्या घालू लागतात, माणसांचे बोलणे बंद होते. जाळ्याची मधली पिशवी वाळूला लागली की तारले, पेडवे, बांगडे यांचा चंदेरी ढीग तडतडू लागतो; एखादी मोरी, चार-दोन सुंगटे, आणि कुणाला नको असलेले जेलीफिशचे लिबलिबीत गोळे.

रापण एकट्याच्या मालकीची नसते. कित्येक घरांची मिळून ती असते, आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. येताजाता ज्याने दोराला हात लावला त्यालाही ओंजळभर मिळते. आम्हा मुलांना दोराचे वेटोळे घालायचे काम होते, आणि त्याबद्दल चार-चार मासे. मला आठवते, एकदा गावातला एक आंधळा म्हातारा दोर धरायला आला होता. त्याला रांगेत मध्ये घेतले. दोर कुठल्या बाजूला किती तणतो यावरून जाळ्यात काय आले असेल ते तो सांगत होता. बरोबर सांगत होता का? मुळीच नाही. पण प्रत्येक जण त्याला विचारत होता.

पोहण्याचे म्हणाल तर देवबागच्या मुली तेव्हा पोहत नसत. मुलगे होडीवर जाणार, त्यांना येणे भाग. मुलींना कशाला? तिसऱ्या घोटाभर पाण्यात मिळतात. आजी मात्र या बाबतीत हट्टी होती. तिची एक बहीण लहानपणी संगमाशी ओढीत सापडून गेली होती. आजी त्याविषयी कधी बोलत नसे. तिने फक्त एवढेच केले की आपल्या मुलींना आणि नातींना, शेजारणी काहीही म्हणोत, पाण्यात घातले. न सोललेले दोन सुके नारळ सुंभाने एकमेकांना बांधायचे, ती जोडी छातीखाली घ्यायची आणि खाडीत हातपाय मारायचे. समुद्रात नाही, खाडीतच, आणि तेही भरती पुरी होऊन पाणी जागच्या जागी थबकलेले असेल तेवढा वेळच. “दर्याक पाठ दाखवू नये,” हे तिचे पहिले वाक्य. दुसरे असे की, जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी गुळगुळीत दिसते तिथे पाय घालायचा नाही. किनाऱ्यावर आलेले सगळे पाणी तिथूनच परत जाते. शहरातला माणूस नेमका तीच जागा शांत म्हणून निवडतो.

पुढे दिवस पालटले. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि हळूहळू देवबागच्या माडांत खोल्या उभ्या राहिल्या. खाडीच्या मुखाशी वाळूचे एक बेट आहे. ते २००४ च्या सुनामीनंतर वर आले असे लोक सांगतात आणि त्याला तेच नाव पडले आहे. तिथे होड्या लागतात. पाण्यावरून भरधाव पळणारी यंत्रे आहेत, केळ्याच्या आकाराची रबरी तराफी आहेत, दोराला बांधून आभाळात नेणारी छत्री आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली उतरून मासे पाहता येतात. हे सगळे मी नाक मुरडत सांगत नाही. गिरण्या गेल्यानंतर कोकणातल्या तरुणांना मुंबईत तरी काय ठेवले होते? माझा मामेभाऊ डॉल्फिन दाखवायची होडी चालवतो म्हणून घरी राहू शकला. त्याचा मुलगा, म्हणजे मामाचा नातू, एकोणीस वर्षांचा, ती पाण्यावरची यंत्रे चालवतो, आणि मामा एरवी कितीही कुरकुरला तरी नातू वळण घेत फेस उडवू लागला की पडवीतून उठून बघायला येतो.

माझी तक्रार असलीच तर ती घड्याळाविषयी आहे. पंधरा मिनिटे आभाळात, दहा मिनिटे तराफ्यावर, अर्धा तास पाण्याखाली. अंगात नारिंगी जाकीट, डोळे मोबाइलच्या काचेवर, आणि दर्याकडे पाठ, कारण फोटोत दर्या मागे यायला हवा. पाण्याचीही एक वेळ असते, हे सांगायला त्यात जागाच उरत नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन येणारी होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे संपत आला की नैर्ऋत्येकडून लाट चढू लागते, समुद्र उठतो. जून लागला की मासेमारी बंद, आणि हौशी खेळही पावसाळाभर बंद ठेवतात. पण मेचे शेवटचे दिवस हेच मुंबई-पुण्याच्या माणसाला सोयीचे. सुट्टी कॅलेंडरातल्या एका रकान्यात असते, आणि समुद्र दुसऱ्या.

मर्यादवेलीची कथा अशीच. पाहुण्यांना स्वच्छ वाळू आवडते म्हणून पुष्कळ ठिकाणी ती उपटून टाकली. पण एकट्या वेलीवर बोट ठेवणे सोपे आहे, आणि खरेही नाही. वाळूची पट्टी ही मुळात चालणारी वस्तू आहे. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात, परतताना वाळू थोडी बाजूला टाकतात; असे कण कण करीत वाळूचा प्रवास चालू असतो. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून आत नेतो आणि थंडीत बरीचशी परत आणून घालतो. वादळात पाणी पट्टीवरून पलीकडे जाते आणि वाळू मागच्या अंगाला टाकते. म्हणजे अशी बेटे, असे दांडे, पुढून झिजत मागे सरकत जगतात. अमेरिकेतल्या हॅटरस भूशिरावर, अशाच एका रोधक बेटावर, १८७० साली बांधून झालेले एक उंच विटांचे दीपगृह आहे. समुद्र त्याच्या पायाशी आला तेव्हा तिकडच्या लोकांनी १९९९ साली ते अख्खे उचलून, रुळांवरून इंचाइंचाने सरकवत, दोन हजार नऊशे फूट आत नेऊन ठेवले. हे वर्गात सांगितले की मुलांचे डोळे विस्फारतात. मला मात्र दर वेळी मामाचे घर आठवते. देवबागात दोन हजार नऊशे फूट मागे न्यायचे म्हटले तर घर खाडीत जाईल.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून उत्तरेला गेले. मामाच्या पडवीत गुडघाभर पाणी आले, सात माड पडले, आणि माझा कोळशाचा आकडा असलेली भिंत भिजून तिचा गिलावा सुटला. घरासमोर आता दगडांचा बंधारा आहे. बंधारा हवाच होता. त्याच्यावाचून घर राहिले नसते. पण दगडांना मर्यादवेलीसारखी वाळू धरता येत नाही. त्यांच्यापुढे उतरती वाळू फारशी उरलेली नाही आणि भरतीला लाट थेट दगडावर फुटते. रापण ओढायला आता लांब उत्तरेकडे जावे लागते. मामेभावाने मालवणच्या आतल्या अंगाला, कट्ट्याकडे, पाच गुंठे जमीन पाहून ठेवली आहे. मामा त्याला होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. विषय निघाला की तो तिथी विचारतो.

या वर्षी मे महिन्यात मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. ती मुंबईत तलावावर पोहते. तिच्याकडे एक प्रमाणपत्र आहे आणि चश्मा, टोपी अशी सगळी आयुधे आहेत. पहिल्याच सकाळी ती तयार होऊन आली तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या मामाने तिला खाडीकाठी एका उपड्या होडीवर बसवले आणि पाण्याकडे बघायला सांगितले. पाण्यात जायचे नाही, नुसते बघायचे. एक माडाची झावळी पाण्यात टाकून तो म्हणाला, “ही खय जाता ती माका सांग.” असे तीन दिवस. पहिल्या दिवशी ती रुसली. दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “आई, समुद्राची भरती संपली तरी खाडीत पाणी अजून आत येतच असतं. आजोबांना माहीत आहे का?” आजोबांना माहीत होते.

चौथा दिवस एकादशीचा. खाडीत मध्यावर मामाची जुनी होडी नांगरलेली होती; तिथपर्यंत पोहत जायचे आणि परत यायचे. अकरा पावणे सव्वाआठ, मामा म्हणाला. नातवाने मोबाइल काढला. “आबा, पावणेनवाक दाखयता.” दोघांची जुंपली. मामाच्या मते मोबाइलला देवबाग ठाऊक नाही. नातवाच्या मते पाऊणकी अर्धा तास चुकते. शेवटी मामा म्हणाला, “खाडीक येळ लागता. नवाक जाऊया,” आणि नातू म्हणाला की तोही तेच म्हणत होता.

नऊला पाणी काचेसारखे थांबले. नारळांची जोडी छातीखाली घेण्याच्या कल्पनेनेच मुलीचा अपमान झाला होता. पण मामापुढे तिचे काही चालले नाही. ती सहज गेली. होडीवर चढली. वर बसून तिने आम्हांला हात केला, पाय हलवत बसली, भोगव्याकडे बघत बसली. तलावात कुणी शिट्टी वाजवते. इथे कोण वाजवणार? मामाने हाक मारली नाही. मी मारणार होते, तर त्याने नुसता हात वर केला. माझ्या पायाजवळच्या झावळीचे टोक हळूच फिरले आणि संगमाकडे झाले. दहा मिनिटे गेली असतील. मग तिने पाण्यात उडी घेतली, आणि तेव्हा मला दिसले की नारळ तिने होडीतच सोडले आहेत.

अर्ध्या वाटेपर्यंत ती सरळ आली. मग ती हात मारत होती आणि तरी आमच्यासमोरून दक्षिणेकडे सरकत होती. सुकती लागली की नदी आणि भरतीचे पाणी दोन्ही मिळून त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतात. आजीची बहीण त्याच पाण्यात गेली होती. नातू आपल्या यंत्राकडे धावला. मामा त्याला म्हणाला, “चालू करून ठेव. हाडू नको.” तो स्वतः काठाकाठाने तिच्या बरोबरीने चालू लागला, ना भराभर, ना हळू. ओरडला नाही. मीही चालले. माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि मी मनात काही मोजत होते, बहुधा पावले.

मुलीने एकदा काठाकडे पाहिले. आम्ही तिच्या सरळ रेषेत चालतो आहोत हे तिला दिसले असावे. तिचे हात थांबले. क्षणभर ती नुसती पाण्यावर पडून राहिली, तोंड वर करून. तो क्षण मी पुन्हा लिहू शकणार नाही. कादंबरीत तर नाहीच. मग तिने तोंड संगमाकडेच केले आणि तिरपी, ओढीच्या बरोबरीने, थोडी थोडी काठाकडे येत पोहू लागली. दोनशे-अडीचशे पावले खाली एका शेजाऱ्याच्या माडांजवळ तिचे गुडघे चिखलाला लागले. ती उठली आणि काही न बोलता आमच्याकडे चालत आली. रागावली होती, कुणावर ते तिलाही सांगता आले नसते. मामा म्हणाला, “नारळ खय?”

“होडीत.”

“मगे आता ते कोण हाडतला?”

नातू यंत्रावर बसून गेला आणि घेऊन आला.

त्या दुपारी जेवणाला तिसऱ्यांचे सुके होते. मुलीने दोनदा भात घेतला आणि जेवणानंतर तिने मामाला विचारले की पाऊणकी किती पुढेपर्यंत पाठ करावी लागते. तो म्हणाला, पंधरापर्यंत. पुढे तिथ्याच नाहीत. संध्याकाळी तिने उंबऱ्यापासून बंधाऱ्याच्या पहिल्या दगडापर्यंत पावले मोजली. त्रेपन्न भरली. भिंतीला नवा गिलावा झाला होता, म्हणून तिने तो आकडा कुठे लिहू असे मामीला विचारले, आणि मामीने, जिने मला त्याच गोष्टीसाठी रागे भरले होते, चुलीतला कोळसा काढून दिला.

आम्ही निघालो त्या दिवशी सकाळी मामाने नारळांची जोडी धुऊन उन्हात वाळवली आणि स्टुलावर चढून आढ्याच्या खुंटीला अडकवली. खाली उतरताना त्याने सुंभाच्या गाठीवरून बोट फिरवले. एक पेड तुटला होता.

“फुडल्या वर्साक सुंभ नवो व्हयो,” तो मुलीला म्हणाला. “वळूक शिकशीत मा?”